केळीच्या वासाचं गणित

आज जळगावच्या उन्हात दारं-खिडक्या लावून अत्तराची सगळी सूत्रं वहीतून सॉफ्टवेअरमध्ये चढवली. केळीचा वास देणारं आयसोअमाइल अ‍ॅसिटेट फार जोरकस, म्हणून ते मी १० टक्क्यांच्या द्रावणात ठेवते. सूत्रात २ ग्रॅम घातलं की असली माल ०.२ ग्रॅमच! हा हिशोब आता आपोआप होतो. वाळा वाढवला की बाकी सगळ्यांचे टक्के लगेच खाली येतात. सगळं वजनात, थेंबात नाही. वाळ्याचं तेल घट्ट, त्याचा थेंब अल्कोहोलच्या थेंबाएवढा भरत नाही. इफ्रा या आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेने घटकाला घातलेली सुरक्षित मर्यादा ओलांडली की ओळ लाल होते, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. शेवटी ते कुणाच्या तरी अंगाला लागणार ना! संध्याकाळी आईने अत्तरात बुडवलेली कागदाची पट्टी हुंगली. म्हणाली, "केळं आहे गं, पण हिरवंच." बरोबर आहे तिचं, वाळा दाबतोय. उद्या नवी आवृत्ती काढते, जुनी तशीच ठेवून.