चालून आल्यावर १८४

पैलवान खुर्चीत टेकायच्या आधीच बोलले, "मॅडम, डॉक्टरांनी चालाय सांगितलं आन् चालून बीपी वाढाय लागलंय. पोरगं म्हणतंय बंद करा आता." मागून मुलगा आला. एका हातात वही, दुसऱ्या हातातल्या पिशवीत बीपीचं मशीन. वही बघण्यासारखी होती. पट्टीनं आखलेले रकाने, 'चालायच्या आधी' आणि 'चालून आल्यावर'. कुठे १६६ आणि १८४, कुठे १७० आणि १८८. एकही दिवस असा नाही की दुसरा आकडा लहान आहे. ती वही वाचून घरच्या कुणीही चपला लपवूनच ठेवल्या असत्या.

मी फिजिओथेरपिस्ट. राजारामपुरीतल्या एका लहान सेंटरमध्ये बीपीच्या आणि हृदयाच्या पेशंटकडून व्यायाम करून घेणं हे माझं रोजचं काम. कोल्हापुरात त्यात एक खास अडचण आहे. इथं व्यायाम म्हणजे जोर-बैठका. चालणं हा पेन्शनर लोकांचा उद्योग, रंकाळ्यावर गप्पा मारत करायचा. हे तर साठीला टेकलेले, एके काळी खासबागेत कुस्त्या केलेले. तालीम सुटून तीस वर्षं झाली होती, खुराक मात्र सुटला नव्हता.

"मोजता कधी?" मी मुलाला विचारलं.

"दारातनं आत आले की लगेच लावतो. उशीर नको म्हणून."

मी त्याला तिथंच मशीन लावायला सांगितलं. मशीनचा दंडाला गुंडाळायचा पट्टा, म्हणजे कफ, दंडाभोवती जेमतेम पोचला आणि हवा भरायला लागली तसा वेल्क्रो चरचरत सुटला. त्यानं तो हातानं दाबून धरला, बहुतेक रोजच धरत असावा. आकडा आला १६८. मी टेप काढली. दंडाचा घेर ३९ सेंटीमीटर. कफवर बारीक अक्षरांत छापलं होतं, २२ ते ३२. दंडाला तोकडा पडणारा कफ आकडा फुगवून दाखवतो, आणि पैलवानांच्या या गावात मोठा कफ घरी असलेली माणसं मला क्वचितच भेटतात. मग पाच मिनिटं गप्प बसवलं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला टेबलावर. आमच्या मोठ्या कफनं १५४/९२. चौदा आकडे नुसते कापडाचे आणि घाईचे!

तरी जास्तच होतं, त्यात वाद नाही. अॅमलोडिपिन ही बीपीची गोळी चालू होती, डॉक्टरांची व्यायामाची चिठ्ठीही होती. ट्रेडमिलवर चढवलं. वेग किती ठेवायचा यासाठी माझी साधी खूण असते: बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. पैलवानांनी एका जुन्या कुस्तीची हकीकत सुरू केली आणि वाक्यं मधेमधे तुटायला लागली तिथं मी वेग वाढवणं थांबवलं. चालत असतानाच बीपी घेतलं, १८२/८८.

"बघा!" मुलगा उठूनच उभा राहिला.

वाढायलाच हवं, मी म्हटलं. मांड्या-पोटऱ्या रक्त मागतात, हृदय जोरात ढकलतं, वरचा आकडा चढतो. पायांतल्या रक्तवाहिन्या त्याच वेळी मोकळ्या होतात, म्हणून खालचा फारसा हलत नाही. वेग वाढवूनही वरचा आकडा खाली आला असता तर मी घाबरले असते आणि ट्रेडमिल तिथंच बंद केली असती. २५० च्या वर गेला असता तरीही. १८२ म्हणजे शरीर आपलं काम करतंय.

वीस मिनिटं झाल्यावर ते लगेच उतरून आडवं व्हायला निघाले. सोडलं नाही. रक्तवाहिन्या उघडलेल्या, त्यात ही गोळीही त्या सैलच करते. एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं आणि भोवळ येते. पाच मिनिटं हळू चालवूनच खाली उतरवलं. मग नुसतं बसणं. चहा मागितला, तोही दिला नाही.

दहा मिनिटांनी १४८. पाऊण तासानं १३८/८४.

"मशीन बिघडलं काय ओ?" पैलवान म्हणाले. मी परत मोजलं, तेच. सैल झालेल्या रक्तवाहिन्या काही तास तशाच राहतात. बऱ्याच जणांत हा उतार दिवसभरही टिकतो. मुलाच्या वहीत नेमका हाच उतार नव्हता, कारण तो दारातच मोजून मोकळा व्हायचा.

आठवड्याला निदान १५० मिनिटं असं भरभर चालणं काही आठवडे टिकवलं, तर बीपीच्या माणसाचा वरचा आकडा सरासरी ५ ते ८ नं उतरतो, हे सांगितल्यावर मात्र ते हिरमुसले. "एवढ्यासाठी एवढं?" एखाद्या गोळीनंही साधारण त्याच्या आसपासच फरक पडतो म्हटल्यावर जरा गप्प झाले. आणि लगेच, "मग गोळी सोडू काय?" नाही. ते डॉक्टर ठरवतील.

जोर-बैठकांना मी बंदी घातली नाही. आक्षेप होता तो श्वास कोंडून ताकद लावण्याला. १९८५ साली बॉडीबिल्डरांच्या धमनीत सुई ठेवून दाब मोजला होता. दोन्ही पायांनी जड वजन रेटताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला. तरुण पोरांचा! हा आकडा मात्र त्यांना पटला, बहुधा कुस्तीच्या भाषेतला वाटला म्हणून.

मुलानं मोठा कफ आणला. मोजायची वेळ ठरली सकाळची, चालायच्या आधी, शांत बसून. दोन-अडीच महिन्यांत वहीतले आकडे १४४-१४६ वर आले. गोळी तेवढीच राहिली. मग जुलै लागला, इथला पाऊस सुरू झाला, रंकाळ्याची फेरी बुडाली आणि आकडे हळूहळू परत चढू लागले. हे होतंच, व्यायाम थांबला की त्याचा फायदाही काही आठवड्यांत ओसरतो. आता सेंटरवर येऊन सायकल मारतात. शेजारच्या सायकलवरच्या बँकेतल्या बाईंना त्या जुन्या कुस्तीची हकीकत पाठ झाली आहे. लोणचं-पापडाचं आमचं भांडण अजून मिटलेलं नाही.