तूर उभी असेपर्यंत

"लघवीले जळजळ होते जी," म्हणत तो आला. वय तेवीस. लघवीचा रिपोर्ट स्वच्छ, तरी उठेना. ओपीडीत हा बहाणा रोजचा. खरं दुखणं दार लावल्यावर निघतं. आमच्या दाराला कडी नाही. मी खुर्ची अडकवली.

हायपोस्पेडियास. लघवीचं छिद्र टोकाला नाही, खालच्या बाजूला, खाचेजवळ. कातडी वरून टोपीसारखी, खालून उघडी. दोन्ही अंडकोष जागेवर. ताठ झाल्यावर वाक किती, हे विचारलं. नावापुरताच होता. धार पाहायला बहुतेक डॉक्टर विसरतात, मी मागच्या अंगणात नेऊन पाहिली. बारीक नव्हती, फक्त खाली, पायाकडे यायची. म्हणजे घाई नाही. हे ऑपरेशन सहा ते अठरा महिन्यांच्या वयात बरं. मोठेपणी जखम उसवून भलतीकडेच भोक राहण्याची भीती जास्त. तरी हवं असेल तर यवतमाळला पाठवतो, म्हटलं.

त्यानं ऑपरेशनचं ऐकूनच घेतलं नाही. तुरीचं सांगू लागला.

"पोट्ट्यांसंग उभं राहता येत नाही ना. तूर उभी असली की बरं असते. संक्रात झाली, तूर सोंगली, की वावर उघडं पडते."

मग उन्हाळाभर पाणी कमी प्यायचं. लग्नाच्या वऱ्हाडात जायचं नाही. आश्रमशाळेत पहाटे चारला उठायचं. पुण्याला कंपनीत लागला, तिथं एका रांगेत मुताऱ्या. आठ दिवसांत परत. गावानं कामचुकार ठरवलं. दोन स्थळं यानंच मोडली. आता साक्षगंध झालंय, लग्न अक्षय्य तृतीयेला. "मायले ठाऊक असन. पन ती बोलत नाही."

तालुक्यातला एक डॉक्टर म्हणाला होता, "चालतंय ना? मग जा." शास्त्राप्रमाणे तो चुकला नव्हता. मीही तेच म्हणणार होतो.

मूल होईल का? अडचण दिसत नाही, वीर्यतपासणी करून घेऊ. तिले काय सांगू? यावर चिठ्ठीत लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. समुपदेशकाची जागा दोन वर्षं रिकामी, त्यासाठी अर्ज करकरून मी थकलो. म्हटलं, दोघं या, मी चित्र काढून समजावतो.

उठता उठता, धीर यावा म्हणून सांगितलं, अडीचशे-तीनशे मुलग्यांत एकाला हे असतं.

तो थांबला. "आमच्या शाळेत पाचशे पोट्टे होते. मंग दुसरा कोन असन?"

मी शाळेचं नाव विचारलं, आणि विचारायला नको होतं असं वाटलं. 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्यानंतर तीन वर्षं ती शाळा माझ्याच तपासणी पथकाकडे होती. दिवसाला शंभर-सव्वाशे पोरं, व्हरांड्यात, खिचडीच्या सुट्टीआधी उरकायची. फाटलेला ओठ, वाकडे पाय, हृदयाचं छिद्र यांचे रकाने होते, याचा नव्हता. पण रकान्याला किती दोष देणार? पडदा मागितला असता तर गुरुजींनी चादर बांधून दिली असती. मी मागितला नाही.

"तुमीच आलते जी," तो म्हणाला. "डोळे पाह्यले, दात पाह्यले. चड्डी काढाले सांगतीन म्हनून मले लय भेव वाटे. अन् सांगावं असं बी वाटे. मंग तुमी म्हनले, चल, पुढचा."