टेस्ट कोरडी घेतली का ओली?

ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कडक कण घातले की कास्टिंग झिजत नाही असं कुणी छाती ठोकून सांगितलं की मी आधी एवढंच विचारतो, टेस्ट कोरडी घेतली का ओली? कारण दाखवतात तो ग्राफ बहुतेक वेळा पिन-ऑन-डिस्कचा असतो, एएसटीएम जी ९९ या स्टँडर्डचा, म्हणजे फिरत्या चकतीवर पिन दाबून धरायची, सगळं कोरडं ठणठणीत. आणि आपल्या सांगली पट्ट्यात गळीत हंगामात साखर कारखान्याच्या पंपातनं जातं काय तर उसाचा कच्चा रस, पीएच साधारण ५ ते ५.५ म्हणजे आंबटसर, वर त्यात शेतातली माती, वाळू आणि चिपाडाचा बारीक भुसा.

ॲल्युमिनियम गंजत नाही म्हणतात ते त्याच्यावरच्या ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळं, आणि तो असतो काही नॅनोमीटरचा. वाळूचा कण घासून गेला की तो खरवडतो, खालचा धातू उघडा पडतो, गंजतो, परत पापुद्रा धरतो, तोवर पुढचा कण हजर. त्यामुळं नुसती झीज आणि नुसता गंज वेगवेगळा मोजून बेरीज केली तरी खरा तोटा बऱ्याचदा त्याहून जास्त निघतो, ही वरची भर मोजायला एएसटीएमचं जी ११९ असं वेगळं स्टँडर्डच आहे. (उलटंही होतं म्हणा, द्रव वंगणासारखं काम करतो आणि झीज कोरड्यापेक्षा कमी भरते. म्हणून टेस्ट आपल्याच द्रवात घ्यायची.)

आता ते कार्बाइडचे कण. ते स्वतः गंजत नाहीत, गंजतो त्यांच्या कडेचा धातू. कडेनं पोखरलं की कण हिरडी सुटलेल्या दातासारखा हलतो, निखळतो, आणि निखळून गप बसत नाही, तोच पुढं वाळूचं काम करतो. त्यात ओतताना धातू जास्त तापवून जास्त वेळ ढवळला असेल तर कणाच्या कडेला ॲल्युमिनियम कार्बाइड धरतं, ते पाण्याशी रिॲक्शन होऊन सुटतं. उपाय आहेत, जास्त सिलिकॉनचा मिश्रधातू घ्या नाहीतर ॲल्युमिनाचे (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे) कण घाला, पण स्टर कास्टिंगवाले, म्हणजे वितळलेल्या धातूत कण ढवळून ओतणारे, कण किती टक्के तेवढंच सांगतात.

रसाच्या पंपाला मी तरी हाय क्रोम इम्पेलरच घेईन, म्हणजे जास्त क्रोमियमच्या ओतीव लोखंडाचं पंपातलं फिरतं चाक. तेही एक प्रकारचं कंपोझिटच, म्हणजे धातूत कडक कण बसवलेला पदार्थ, फक्त कार्बाइड बाहेरनं घालत नाहीत, लोखंड गोठताना आतच तयार होतात, त्यामुळं पकड चांगली. सप्लायरनं नुसता हार्डनेस लिहून दिला तर मात्र कंपोझिशनचा रिपोर्ट मागा आणि क्रोमियमच्या आधी कार्बन बघा, कारण कार्बन जास्त म्हणजे कार्बाइड जास्त आणि तेवढं क्रोमियम त्यातच अडकलं, गंज अडवायला उरलं किती?