दूध दोन, सिलिंडर लावला

घरातली माझी सर्वांत आवडती वस्तू म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. देवादिकांच्या चित्राचं नव्हे, तर तारखांचे मोठे चौकोन असलेलं, तिथी, सण, संकष्टीचा चंद्रोदय आणि पानामागे राशिभविष्य छापलेलं. आमच्याकडे ते कालनिर्णयच असतं. जयंतराव साळगावकरांनी ते १९७३ साली सुरू केलं. त्याआधी तिथी पाहायची तर पंचांग उघडावं लागे, आणि पंचांग वाचता येणारं माणूस घरोघरी असेच असं नाही. आमच्या नागपूरच्या घरी सोलापूरचं दाते पंचांग बाबांच्या कपाटात असायचं. ते बाबांचं. कॅलेंडर मात्र आईचं.

ते स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेलं असायचं आणि त्याच खिळ्याला सुतळीने बांधलेली बोटभर लांबीची पेन्सिल. पेन्सिलच, कारण भिंतीवर उभ्याने लिहायला गेलं की बॉलपेन दोन अक्षरांत बंद पडतं. रोज सकाळी दुधाचं पातेलं गॅसवर चढवलं की आई त्या दिवसाच्या चौकोनात ‘२’ लिहायची. पाहुणे आले की ‘३’. गवळी आला नाही की ‘खाडा’. महिनाअखेर पानाच्या कडेला बेरीज, त्याखाली भाव, त्याखाली एकूण, आणि पैसे दिले की त्यावर एक आडवी रेघ. ‘सि. लावला’ म्हणजे नवा गॅस सिलिंडर जोडला. ही तारीख महत्त्वाची, कारण नंबर लावल्यावर सिलिंडर कधी येईल याचा भरवसा नसे, आणि चालू सिलिंडर किती दिवस पुरेल याचा अंदाज त्या नोंदीवरूनच बांधायचा. ‘इस्त्री ११’, ‘दळण’, ‘बाई नाही’, ‘लाइट बिल भरले’, ‘कूलरची ताटी बदलली’. एवढंच लिहायची. पूर्ण वाक्य तिने कॅलेंडरवर कधी लिहिलं नाही.

जुनी कॅलेंडरं आईने टाकली नाहीत. गुंडाळी करून दिवाणात ठेवलेली आहेत. मी माहेरी गेले की दुपारी जेवणं आटोपल्यावर त्यातलं एखादं काढून बसते. वरवर पाहता नुसते दुधाचे आकडे. पण एका वर्षी मार्चात ओळीने दोन, दोन, दोन चाललेलं दूध अचानक तीन होतं आणि तीनच राहतं. शेजारच्या चौकोनात ‘डिंक, सुंठ, खारीक’. मग एक चौकोन, ज्यात दुधाचा आकडाच नाही. तिथे फक्त ‘मुलगी. पहाटे ५.१०’. ताईचं पहिलं बाळंतपण. त्या पहाटे दूध किती घेतलं हे लिहायला कुणी घरात नव्हतंच, सगळे दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी परत ‘३’, आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘शेपू’. ती भाची आता स्वतः नोकरी करते. तिला मी तो चौकोन दाखवला तेव्हा ती बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसली होती.

बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. कॅलेंडरवर त्यांचा जीव जडला तो एकाच ठिकाणी: संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळांवर. वेगवेगळ्या गावांच्या वेळा छापलेल्या असतात ना, त्या ते आम्हाला वाचायला लावायचे. नागपूरला चंद्र आधी, मुंबईला नंतर, असं का? मग पोळपाटावरची कणीक बाजूला सारून गोल फिरवून दाखवायचे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. नागपूर आणि मुंबई यांच्या रेखांशांत सहा अंशांचं अंतर, म्हणजे चोवीस मिनिटं. अक्षांशामुळे थोडं इकडेतिकडे होतं, पण हिशोब हाच. आईला हा हिशोब मनापासून आवडायचा. तिचा उपास असायचा, तिला ती चोवीस मिनिटं कळत होती.

लग्न होऊन मी ठाण्याला आले आणि हा हिशोब माझ्या वाट्याला आला. अजूनही दर संकष्टीला आईचा फोन येतो, ‘दिसून राहिला गं इकडे. तुमच्याकडे वेळ आहे अजून.’ तिचं ताट वाढलेलं असतं, मी गॅलरीत. तेवढ्या वेळात आमचं घरचं सगळं बोलून होतं. बाबा गेल्यानंतर तर आम्ही त्या वेळेची वाटच पाहतो, दोघीही.

नागपूर आणि ठाण्यातला फरक कॅलेंडर आणखीही दाखवतं. श्रावण अमावास्येला ‘पोळा’ छापलेलं असतं. ठाण्यात तो दिवस इतर दिवसांसारखाच उजाडतो. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मुलं लाकडी नंदी सजवून घरोघर फिरतात आणि त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, मिळतो. त्याच दिवशी इतवारीच्या बाजूला काळ्या आणि पिवळ्या मारबतीची, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते आणि सगळं शहर रस्त्यावर येतं. माझ्या मुलाचा नंदी नागपूरहून आणलेला आहे. तो लहान असताना आमच्या मजल्यावरच्या चारही घरांत मी त्याला नंदी घेऊन पाठवायची. एक काकू त्याच्यासाठी आठवणीने सुटे पैसे काढून ठेवायच्या. त्यांनी त्यांच्या कॅलेंडरवर त्या चौकोनाला गोल करून ठेवला होता, हे मी स्वतः पाहिलं.

आमच्या ह्यांचं म्हणणं, सगळं फोनमध्ये असतं. असतं, खरंच असतं, आणि आठवणही वेळेवर होते. पण फोनमधलं कॅलेंडर ज्याचं त्याचं. सिलिंडर कधी लावला हे माझ्या फोनमध्ये असेल तर घरात ते मला एकटीलाच माहीत. भिंतीवर लिहिलं की चहा घ्यायला आलेल्या प्रत्येकाच्या नजरेला पडतं. आमच्याकडे आता दुधाच्या पिशव्या येतात, महिन्याचे पैसे ॲपवरून जातात, तरी मी खाडा लिहिते. मुलगा त्याच्या परीक्षा लिहितो, हे गाडीची सर्व्हिसिंग लिहितात. सासूबाईंनी त्यांच्या गोळ्या सुरू झाल्याची तारीख लिहिली होती, थरथरत्या अक्षरात. त्या वर्षाचं कॅलेंडर मीही दिवाणात ठेवलं आहे.

२०२६च्या कॅलेंडरवर १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना वाढवून घ्यायचा. मागचा अधिक श्रावण होता, २०२३ साली. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, आणि आईने ते एकदाही चुकवलेलं नाही. तिचे अनारसे साध्या तांदळाचे. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, फडक्यावर सावलीत निथळवायचे, दमट असतानाच कुटून चाळायचे आणि किसलेल्या गुळात मळून मुरत ठेवायचे. तळताना खसखशीची बाजू वर, आच मंद. पीठ थोडं जास्त ओलं झालं की अनारसा तुपात हसतो, जाळी मोडून पसरतो. आई पिठाची गोळी बोटांनी दाबून सांगते, आज नको, उद्या तळू.

मे महिन्यात नागपूरच्या उन्हात तिला कढईपुढे उभं करायचं नाही असं मी आणि ताईने ठरवलंय. तिला ठाण्याला आणायचं, तिने खुर्चीवर बसून पीठ बघायचं, तळायचं आम्ही दोघींनी. मी १९ मेच्या चौकोनात पेन्सिलने लिहून ठेवलंय: ‘आई येणार. तांदूळ भिजत घालणे.’ त्याखाली मुलाने त्याच्या अक्षरात भर घातली आहे: ‘दूध ३’.