94 की 117?

उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर, अॅडव्हेंटडालेन दरीत ऑगस्टमध्ये आमचं काम ऐकायला भारी आणि करायला निव्वळ मजुरी. स्टीलची सळई जमिनीत खुपसायची, खालच्या कायम गोठलेल्या मातीवर थांबली की आकडा वाचायचा, उन्हाळ्यात वरचा थर किती वितळला ते कळतं. 100 बाय 100 मीटरची जाळी, दर 10 मीटरला एक ठिपका, म्हणजे 121 वेळा खुपसणं, आणि त्यात एकजण रायफल घेऊन नुसता उभा, पोलर बेअरसाठी. गुडघे टेकते तिथे खाली अख्खं जंगल असतं हो, दोन-तीन सेंटिमीटरची विलोची झाडं, मला अजूनही ओशाळल्यासारखं होतं.

सळई ऐकावी लागते. दगडाला टण्ण करते आणि हाताला झिणझिण्या, गोठलेल्या मातीला मुकं थड. आमच्या गावी विहीर खोदणारे पहारीच्या आवाजावरून मुरूम की पाषाण सांगायचे ना, तसंच. टण्ण आलं तर वीतभर बाजूला परत खुपसायचं, पण ऐंशीव्या ठिपक्यानंतर हे किती जण करतात देव जाणे.

त्या दिवशी फियोर्डकडच्या, म्हणजे समुद्राच्या अरुंद खाडीकडच्या टोकाला मला 94 सेंमी आलं. सहकारी म्हणाला नीट दाबलं नाहीस. तो माझ्यापेक्षा 30 किलो जड, त्याच भोकात त्याला 117! टण्ण नाही, थड नाही, घट्ट चक्क्यात चमचा जावा तशी सळई नुसती जड होत गेली. मी हट्टाने टोकाला तापमानाचा सेन्सर असलेली सळई घातली, 100 सेंमीला उणे 0.5 अंश. म्हणजे माती थंड आहे पण कडक नाही, आणि पर्माफ्रॉस्टची, म्हणजे त्या कायम गोठलेल्या जमिनीची व्याख्या तापमानाची आहे, सलग दोन वर्षं शून्य किंवा खाली, कडकपणाचं त्यात काहीच नाही. 10 हजार वर्षांपूर्वी इथे फियोर्डचंच पाणी होतं, त्या चिकणमातीत मीठ राहिलंय आणि खारं पाणी शून्याला गोठत नाही.

रात्री जुने तक्ते काढले. त्याच ठिपक्याला एका वर्षी 96, पुढच्या वर्षी 115, परत 98. सळई कोणी दाबली याचा रकानाच नाही. दरी तापतेय यात मला शंका नाही, बोअरहोलचे थर्मामीटर ते सांगतातच, पण या टोकाचे आकडे हवामानाचे की आमच्या वजनाचे? आणि या आकड्यांवर हवामानाची मॉडेलं चालवणारे शेऱ्यांचा रकाना उघडतसुद्धा नाहीत.

मी दोन्ही आकडे लिहिले, शेजारी दोघांची वजनं. ग्रुपलीडरची मेल आली, प्रत्येक ठिपक्याला एकच आकडा पाठव. अजून पाठवलेला नाही.