व्हीनस फ्लायट्रॅपचे वेगळे वाण: साताऱ्यातल्या गच्चीवरची जूनअखेरची नोंद

व्हीनस फ्लायट्रॅप म्हणजे पानांच्या सापळ्यात किडे पकडणारं झाड. त्याच्या फ्यूज्ड टूथ या वाणाचे दात, म्हणजे सापळ्याच्या कडेचे काटे, आता कुठे जुळायला लागलेत. फेब्रुवारी-मार्चचे सापळे साध्या झाडासारखेच दिसतात, तेव्हा विकणाऱ्यावर लगेच राग काढू नका. उन्हाळ्यातल्या जोमदार वाढीतच हा वाण ओळखू येतो. सध्या एकाच झाडावर जुन्या पानाला सुटे दात आणि नव्या पानाला दोन-तीन दात मिळून झालेली रुंद पट्टी, असं दोन्ही आहे.

रेड ड्रॅगन या लाल वाणाची लाली मात्र उतरलीय. आभाळ भरलेलं असलं की तो हिरवट-तपकिरी होतो. खत घालून लाली येत नाही, ऊनच लागतं. वॅकी ट्रॅप्स या तिसऱ्या वाणाचे सापळे जाड, वेडेवाकडे, धड मिटतही नाहीत. वाढ गोगलगाईची. हौस असेल तरच घ्या.

मिश्रण: दोन भाग पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ), एक भाग पर्लाइट (पांढरे, हलके खनिज दाणे). शेणखत, गांडूळखत घातलं की मुळं जळतात. कॅरोलायनातल्या निकस, दलदलीच्या जमिनीतलं हे झाड. पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ५० पीपीएमच्या आत हवा, म्हणजे बोअर बाद. सांगलीकडे क्षारपड पट्ट्यात तर विचारूच नका. आताच पावसाचं पाणी भरून ठेवा, पहिल्या सरींचं सोडून.

थेंबांच्या माऱ्याने सापळे उगाच मिटतात आणि काळे पडतात. वर पारदर्शक पत्रा टाका, बाजू मोकळ्या ठेवा. कोंदटलं की कंद मधूनच सडतो.

खरी अडचण हिवाळ्यातल्या विश्रांतीची. झाडाला तीनेक महिने गारवा लागतो, आणि साताऱ्यात डिसेंबरातही दुपारी ऊन तापतं. म्हणून फ्रीज. मुळं धुवायची, काळी पानं काढायची, गंधकाचं बुरशीनाशक लावायचं, ओल्या पण घट्ट पिळलेल्या स्फॅग्नम शेवाळात गुंडाळून झिप पिशवीत, भाजीच्या कप्प्यात ४-५ अंशांवर. पंधरवड्याने उघडून बघायचं. बुरशी धरते ती बहुतेक शेवाळ नीट न पिळल्यामुळे.

बियांपासून वाण जसाच्या तसा येत नाही. कंदाजवळचं पान खाली ओढून, बुडाचा पांढरा भाग धरून काढा आणि ओल्या स्फॅग्नमवर ठेवा. दीड-दोन महिन्यांत फुटवे दिसतात. लहानपणी सगळे वाण सारखेच दिसतात, त्यामुळे लेबल लगेच लावा, तेही पेन्सिलीने. पेनची शाई पावसात टिकत नाही.