त्यांचा पेपर, माझं अक्षर

अंध परीक्षार्थी सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहून देतो तो लेखनिक. पुण्यात परीक्षांचे दिवस आले की ‘लेखनिक हवा’ असे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. बहुतेक पेपर कामाच्या दिवशी, भर दुपारी. नोकरी करणाऱ्याने रजा टाकल्याशिवाय जमत नाही. शिवाय परीक्षार्थीने स्वतःचा लेखनिक आणला, तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावं लागतं. मी बी.कॉम. झालेली, एका कारखान्याच्या हिशेब खात्यात आहे. म्हणजे एम.ए. इतिहासाचा पेपर लिहायला मी चालते, आणि इतिहासातलं मला शाळेपुरतंच येत असल्याने कुणाला शंका घ्यायलाही जागा उरत नाही.

हे काम मी बरेच दिवस करते आहे. पण ज्या दिवशी या कामाने मला खरंच काही दिलं, तो दिवस पुरंदरकडच्या एका गृहस्थांच्या पेपरचा.

परीक्षेच्या दोन दिवस आधी लेखनिकाला भेटायची मुभा असते. तेव्हा ते मुलीचा हात धरून आले. वय पन्नाशीच्या आसपास, पांढरा शर्ट, कडक इस्त्री. त्यांनी मला पान-दीड पान लिहायला सांगितलं आणि नुसतं ऐकत बसले. मग म्हणाले, “ताई, तुमचं पेन थांबलं की मी थांबतो. पेन चालू झालं की पुढचं सांगतो. तुम्ही मला काही बोलायची गरज नाही.” एवढा वेळ ते माझ्या पेनाचा आवाज ऐकत होते. माझा वेग किती, जोडाक्षराला मी कुठे अडते, ओळ कधी संपते, सगळं त्यांना त्या पान-दीड पानात कळलं होतं. मग त्यांनी सूचना दिल्या. समास दोन बोटं सोडा. उपशीर्षकाखाली रेघ मारा, पण शब्दाला चिकटवू नका. नवा परिच्छेद थोडा आत घ्या. इतक्या बारकाईने पानाची मांडणी मला आजवर कुणी सांगितली नव्हती. मला वाटलं, शिक्षक असावेत.

पेपरच्या दिवशी आम्हाला तळमजल्यावर वेगळी खोली मिळाली. तिथे आम्ही दोघं आणि एक पर्यवेक्षिका. तीन तासांचा पेपर, आणि तासाला वीस मिनिटं या हिशेबाने एक तास जादा. मी प्रश्नपत्रिका दोनदा वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, “तिसऱ्यापासून सुरू करू.”

तिसरा प्रश्न दख्खनच्या उठावाचा होता. कारणं आणि परिणाम. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून इथल्या कापसाला भाव आला. सावकार मागेल तेवढं कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळला. त्यातच सरकारने नव्या मोजणीने सारा वाढवला. भाव गेला, सारा वाढला, आणि सावकाराने हात आखडता घेतला. आयुष्यभर हिशेब केलेल्या मला ही तंगी आकड्यांत दिसत होती. मग ते पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारावर आले. शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली, वह्या आणि कर्जखतं बाहेर काढली आणि जाळली. “माणसांवर हात फारसा टाकला नाही. राग कागदावर होता. हे वाक्य वेगळं लिहा,” ते म्हणाले.

याच उत्तरात त्यांनी उठावाची तारीख सांगितली, “१२ मे १८५७.”

माझं पेन क्षणभर अडखळलं. मला इतिहास येत नाही, पण १८६५ मध्ये उतरलेल्या भावाचा परिणाम १८५७ मध्ये कसा दिसेल, एवढं कुणालाही कळेल. लेखनिकाचा नियम मात्र साधा आहे. जे सांगितलं तेच लिहायचं. सुचवायचं नाही, खाकरायचं नाही, ‘नक्की ना?’ असंही विचारायचं नाही. मी १८५७ लिहिलं. माझ्या पोटात गोळा आला होता.

उत्तर संपलं की ते सगळं परत वाचून घेत. नियमाप्रमाणे ते चालतं. मी वाचायला लागले. तारीख जवळ आली तसा मला माझ्याच आवाजाचा धाक वाटू लागला. जरा थांबले तर तो इशारा होईल, जोर दिला तरी इशाराच. आधीच्या वाक्यांच्याच सपाट सुरात मी वाचलं, “बारा मे अठराशे सत्तावन्न,” आणि पुढच्या शब्दावर गेले.

“थांबा. पंच्याहत्तर. अठराशे पंच्याहत्तर. सत्तावन्न खोडा, एकच सरळ रेघ मारून.”

मी खोडलं. पर्यवेक्षिकाबाईंनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं, त्याही हसल्या. पुढे कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देणाऱ्या १८७९ च्या कायद्यापर्यंत उत्तर कसं गेलं, मला कळलंच नाही. शेवटच्या तासात त्यांचा आवाज बसला होता. ते घोट घोट पाणी पीत सांगत होते. माझं मनगट भरून आलं होतं. पण दोघांनाही थांबायचं नव्हतं.

पेपर दिल्यावर मुलगी यायला वेळ होता, म्हणून आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. मी विचारलं, “तुम्ही शिक्षक होता का?”

“नाही हो. पाट्या रंगवायचो.”

दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागची नावं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार. खडूत बुडवलेली दोरी ताणून रेघ मारायची आणि त्यावर ब्रशने अक्षर बसवायचं. सुप्याच्या बाजारातली कितीतरी दुकानं त्यांनी रंगवलेली. एकदा शिडीवर असताना पाटीचा डावा कोपरा दिसेना. मान वळवली तेव्हा दिसला. पुढे कडेचं दिसेनासं होत होत मधलंही गेलं. काचबिंदू निघाला, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्यात गेलेली नजर परत येत नाही. “तसंही फ्लेक्स आलेच होते. काम जाणारच होतं. अक्षर मात्र जायला नको होतं,” ते म्हणाले. मग घरी बसून बी.ए. केलं, आता एम.ए. रात्री मुलगी पुस्तक वाचते, ते फोनवर रेकॉर्ड करतात आणि दिवसा ऐकतात.

मग त्यांनी मला विचारलं, “पान कसं दिसत होतं, सांगाल?”

मी सगळं सांगितलं. समास कुठे वाकडा गेला, रेघा कशा आल्या, खोडलेलं सत्तावन्न कुठे होतं, शेवटी शेवटी माझं अक्षर कसं उताराला लागलं. ते मन लावून ऐकत होते. सांगता सांगता माझा गळा दाटून आला. माझं बोलणं इतकं ऐकून घेणारं माणूस मला बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. मुलं परगावी, ऑफिसात दिवसभर आकडे, संध्याकाळी टीव्ही. आणि इथे एक अनोळखी माणूस आपल्या सगळ्या वर्षाची मेहनत माझ्या हातात देऊन, मी ती कशी मांडली, हे माझ्याच तोंडून विश्वासाने ऐकत होता. मी त्यांचे आभार मानले. त्यांना आश्चर्य वाटलं. “आभार मी मानायचे, ताई.” मी म्हटलं, दोघांनी मानू.

त्यांच्या उरलेल्या पेपरांसाठीही मी रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं, मी ते खरं सांगितलं, आणि आमच्या खात्यातली एक मुलगी पुढच्या वर्षीसाठी नाव देऊन गेली.

निकालाच्या दिवशी त्यांचा फोन आला. एकेका पेपरचे गुण त्यांनी सावकाश सांगितले, मी पेन घेऊन उतरवून घ्यावेत अशा बेताने. मी खरंच उतरवून घेतले. आता त्यांना सेट, म्हणजे कॉलेजात प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा, द्यायची आहे. मी आधी स्पष्ट सांगितलं की त्या परीक्षेच्या लेखनिकाचे नियम नीट वाचून घेऊ, आणि मी बसत असेन तर येईनच. तारीख कळली की मला रजेचा अर्ज द्यायचा आहे.